चिप्सवरचा मासा कुणाचा?

आमच्या पोकरच्या ग्रुपला स्वतःच्या चिप्स, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या गोल चकत्या, करून घ्यायच्या होत्या आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी पॅकेजिंग डिझाइन करते. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासची आमची काही घरं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात. दिवाळीतल्या तीन पत्तीपासून सुरू झालेला खेळ हळूहळू टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारावर आला. रकमा लहान, माणसं ठरलेली. चिप्स मात्र दुकानातल्या, फाशांची नक्षी असलेल्या आणि आकडा नसलेल्या. निळी पाचाची की दहाची, यावरून दर बैठकीत वाद व्हायचा.

मला वाटलं होतं की रंग निवडायचे, आकडे बसवायचे, फाइल कारखान्याला पाठवायची, की झालं. प्रत्यक्षात खूप मोठा वेळ एकाच प्रश्नात गेला: यातलं काय उचललं तर चालतं आणि काय नाही. असं काम हाती घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आधी वस्तूबद्दल. कसिनोतली चिप साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची असते. लोक जिला क्ले चिप म्हणतात ती निव्वळ मातीची नसते, ते मिश्रण असतं आणि ते उष्णता व दाब देऊन साच्यात घट्ट करतात. काठावरच्या रंगीत पट्ट्यांना एज स्पॉट म्हणतात. ते वरून रंगवलेले नसतात, वेगळ्या रंगाचे तुकडे त्याच मिश्रणात बसवून एकजीव केलेले असतात. घरगुती ग्रुपला परवडणारा प्रकार म्हणजे सिरॅमिक. नावात सिरॅमिक असलं तरी ते एक कडक पॉलिमर असतं, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. त्यावर डाय-सब्लिमेशननं छपाई होते, म्हणजे उष्णतेनं शाई पृष्ठभागात मुरते. त्यामुळे चित्र या काठापासून त्या काठापर्यंत नेता येतं. आम्ही सिरॅमिक घ्यायचं ठरवलं.

रंगांबद्दल मनात काही शंका नव्हती. न्यू जर्सीच्या कसिनो नियमांत कोणत्या रकमेच्या चिपचा मुख्य रंग कोणता हेच लिहून दिलेलं आहे. एक डॉलरची पांढरी, पाचाची लाल, पंचविसाची हिरवी, शंभराची काळी, पाचशेची जांभळी. ही सगळ्यांची भाषा आहे आणि ती वापरणं म्हणजे कुणाचं काही घेणं नव्हे. गोल आकार, ३९ मिलिमीटर, काठावर पट्टे, मध्ये आकडा, या गोष्टींवरही कुणाची मालकी नाही. अमेरिकन कायदा साध्या भौमितिक आकारांना आणि नुसत्या रंगसंगतीला कॉपीराइट देत नाही. अक्षरांच्या वळणालाही देत नाही. फॉन्टची फाइल मात्र सॉफ्टवेअर म्हणून परवान्यानं विकत घ्यावी लागते, हे माझ्या धंद्यात रोजचं आहे.

पहिली मागणी आली ती अटलांटिक सिटीतल्या एका चालू कसिनोची चिप हुबेहूब करून द्यायची. फक्त कसिनोच्या नावाच्या जागी आमच्या ग्रुपचं नाव. मी साफ नाही म्हणाले.

कसिनोची चिप हे नुसतं सजावटीचं चित्र नसतं. कसिनो तुमचे इतके पैसे देणं लागतो, याची ती खूण असते. नेवाडाच्या गेमिंग नियमांतला नियम १२ तर सांगतो की चिप खेळाडूच्या खिशात असली तरी मालकी कसिनोचीच राहते. तिची नक्कल नोटेच्या नकलेच्या फार जवळ जाते. याचं उदाहरण आमच्याच राज्यात घडलेलं आहे. २०१४ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कसिनोमध्ये विंटर पोकर ओपनची एक स्पर्धा २७ खेळाडू उरलेले असताना थांबवावी लागली. एका खेळाडूनं पाच हजार गुणांच्या १६० बनावट चिप्स खेळात घुसवल्या होत्या, म्हणजे आठ लाख गुण. उरलेल्या त्यानं हॅराज या कसिनो-हॉटेलमधल्या आपल्या खोलीतल्या संडासात टाकल्या, पाइप तुंबले आणि तो पकडला गेला. २०१५ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. बोर्गाटाला ४,६३,५४० डॉलर आणि पाइपांच्या नुकसानीपोटी हॅराजला ९,४५५ डॉलर भरपाई देण्याचा हुकूमही झाला. त्या स्पर्धेत प्रामाणिकपणे खेळून बाद झालेल्या माणसांचा मला फार विचार येतो. आपण नक्की कुणाच्या खऱ्या चिप्सना हरलो आणि कुणाच्या खोट्या, हे त्यांना कसं कळणार?

नाव बदललं तर ते बनावट कसं, असं ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं होतं. माझं उत्तर असं की गर्दीच्या टेबलावर चिप वाचत नाहीत, रंग आणि काठ पाहूनच ओळखतात. ओळख पटवणारं सगळं तेच ठेवून फक्त अक्षरं बदलायची, तर राहिलेलं सगळं उसनंच. हे त्याला पटलं.

मी ज्या कारखान्यांकडून दर मागवले त्यांतल्या एकाच्या एजंटबाईंनी मात्र आपणहून लिहिलं होतं, कोणत्याही कसिनोच्या चिपचा फोटो पाठवा, तशीच करून देऊ. त्या कारखान्याचं नाव मी यादीतून काढून टाकलं. जो दुसऱ्याचं काम मला इतक्या सहज देतो, तो माझं काम तिसऱ्याला द्यायला किती वेळ लावेल!

दुसरी मागणी जास्त अवघड होती. आमच्यातल्या एकीनं एका हौशी अमेरिकन माणसाच्या सेटचे फोटो पाठवले. दीपगृह, लाटा, जुन्या धाटणीची अक्षरं, आणि प्रत्येक रकमेला आकाशाचा वेगळा प्रहर. अप्रतिम काम होतं. ‘दीपगृहाच्या जागी आपला शनिवारवाडा टाक, बाकी असंच ठेव. आपण कुठे विकणार आहोत?’ असं तिचं म्हणणं.

विकणार नाही हा मुद्दा मी हलका मानत नाही. कॉपीराइटच्या खटल्यात नफा कमावला की नाही याला वजन असतंच. पण नफा नाही म्हणून परवानगी लागत नाही, असं काही नाही. चित्र कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं त्या क्षणापासून ते काढणाऱ्याचं होतं, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. माझं एका मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन एका कंपनीनं रंग बदलून वापरलं होतं. पैसे बुडाल्यापेक्षा मला लागलं ते वेगळंच: ज्या पानाच्या वळणासाठी मी कढीपत्त्याची डहाळी टेबलावर ठेवून रात्री काढल्या होत्या, ते वळण त्यांनी आरशात उलटं करून छापलं होतं. उलट केलं म्हणजे ते त्यांचं झालं, असा त्यांचा समज होता. तेव्हापासून ‘थोडं बदलू’ हे शब्द मला सहन होत नाहीत.

मी त्या गृहस्थांना ईमेल केला. आम्ही कोण, किती चिप्स करणार, कशाला करणार, सगळं सांगितलं आणि विचारलं. उत्तर सभ्य होतं आणि नकाराचं होतं. तो सेट त्यांनी वारलेल्या वडिलांसाठी केला होता; वडील ज्या किनाऱ्यावर वाढले तिथलं ते दीपगृह. चित्रं कुणालाच देणार नाही म्हणाले. पुढे त्यांनी लिहिलं की काठावरच्या पट्ट्यांची मांडणी मात्र खुशाल घ्या, ती मीही एका बंद पडलेल्या कसिनोच्या चिप्स पाहून शिकलो.

त्यांच्या दोन ओळींनी मला सगळी विभागणी करून दिली. पट्टे फिरते असतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. चित्र त्यांचं होतं आणि त्यामागचं कारण तर त्याहून त्यांचं. नुसता फोटो पाहून हे मला कधीच कळलं नसतं. विचारण्याचा खरा फायदा हाच, की समोरच्याच्या लेखी त्या रेषांची किंमत काय हे कळतं. आमच्या ग्रुपमध्येही यावर वाद झाला नाही. वडिलांसाठी केलेलं आहे म्हटल्यावर सगळे गप्प झाले आणि फोटो पाठवणाऱ्या मैत्रिणीनं त्यांना आभाराचं पत्र लिहिलं.

मग गंजिफा सुचली, हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. माझं आजोळ कुडाळचं. लहानपणी सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये बसून कारागीर गोल पत्ते रंगवताना पाहिले होते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग (म्हणजे इस्पिक-बदामसारखे गट) आणि प्रत्येकाची बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. पानं गोल, चिपही गोल. खेळ म्हणून तर नातं आणखी सरळ. ग्रुपला कल्पना फार आवडली. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांनाही आणि टेबलावरच्या एकुलत्या एक आयरिश-अमेरिकन मित्रालाही.

आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटोंचा ढीग येऊन पडला. इंटरनेटवरून उतरवलेले मत्स्य, कूर्म, वराह. ‘हे शेकडो वर्षं जुनं आहे, कुणाच्या मालकीचं नाही. ट्रेस कर आणि पाठवून दे.’

या वाक्यानं मला जितका त्रास झाला तितका कसिनोच्या मागणीनंही झाला नव्हता. त्या अमेरिकन गृहस्थांना विचारलं पाहिजे हे ज्यांना पटकन पटलं, त्याच माणसांच्या मनात सावंतवाडीच्या माणसाला विचारण्याचा विचारही आला नाही. त्या गृहस्थांचं नाव फोटोखाली होतं, गंजिफेच्या फोटोखाली फक्त ‘पारंपरिक कला’ असं लिहिलेलं होतं. एवढाच फरक. ही माणसं वाईट नाहीत, माझी जिवाभावाची आहेत. म्हणूनच मी त्यांच्याशी भांडले.

जुनं म्हणजे खुलं, हे काही बाबतींत खरं आहे आणि ते मी मान्य केलं. गंजिफा इराणकडून आली. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफेचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. दशावताराची कल्पना, मत्स्यासाठी मासा ही खूण, प्रत्येक अवताराच्या पानांची वेगळी पार्श्वभूमी, यांवर कुणाचा हक्क नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या पानावरच्या चित्रावरही कॉपीराइट उरलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं तर २०१७ पासून मुदत संपलेल्या कलाकृतींची आपली छायाचित्रं सर्वांना मोकळी केली आहेत. तशा एखाद्या जुन्या पानावरून काम केलं असतं तर कायद्याचा प्रश्न आलाच नसता.

पण ग्रुपवर आलेले फोटो जुन्या पानांचे नव्हतेच. मी एकेकाचा माग काढला. बहुतेक विक्रीला ठेवलेल्या नव्या पत्त्यांचे होते, म्हणजे आज हयात असलेल्या कुणीतरी रंगवलेल्या पानांचे. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. भारत आणि अमेरिका दोघेही कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात असल्यामुळे सावंतवाडीत काढलेल्या माशाला एडिसनमध्येही संरक्षण आहे. विषय जुना, मासा नवा.

शिवाय ही कला आपोआप टिकलेली नाही. शेवटच्या जुन्या कारागिरांपैकी पुंडलिक चितारी यांच्याकडून राणी सत्त्वशीलादेवींनी ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात तिचं काम पुन्हा उभं केलं. हातानं हाताकडून नक्कल करत करत ती पुढे आली. नक्कल हीच तिथली शाळा. शिकणारा गुरूच्या पानावरून शंभर मासे काढतो, तेव्हा त्या कलेत एक हात वाढतो. मी लॅपटॉपवर ट्रेस केलं असतं तर एकही हात वाढला नसता, उलट एका हाताचं काम कमी झालं असतं. माझ्या लेखी दोन नकलांमधला फरक हा आहे.

कुडाळच्या मामेभावानं एका चित्रकार ताईंचा नंबर मिळवून दिला. पहिल्या फोनवर निम्मा वेळ चिप म्हणजे काय हे सांगण्यातच गेला. समजल्यावर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे पैसे लावून खेळणार ना तुम्ही?’ मी हो म्हणाले. ‘मग राजाचं पान मी देणार नाही. राजाच्या पानावर देव बसलेला असतो.’ मी म्हटलं, गंजिफाही खेळच आहे की. त्या म्हणाल्या, ‘आहे. दिवसा रामाच्या राजानं डाव सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. पण तिथे तोंडात देवाचं नाव येतं ओ. तुमच्याकडे तोंडात काय येणार?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच वाट काढली: देव नको, फक्त खुणा घ्या. आणि खुणा अवतारांच्या क्रमानंच चढत जायला हव्यात, लहान रकमेवर तलवार आणि मोठीवर मासा असं करायचं नाही.

तसंच केलं. पंचवीस सेंटवर मासा, एका डॉलरवर कासव, पाचावर वामनाचा कमंडलू, पंचविसावर परशू, शंभरावर कल्कीची तलवार. रंगांवरून मात्र बराच खल झाला. गंजिफेत प्रत्येक अवताराच्या पानांच्या पार्श्वभूमीचा रंग ठरलेला असतो आणि तो न्यू जर्सीच्या पांढऱ्या-लाल-हिरव्याशी जुळेना. शेवटी मधलं वर्तुळ ताईंच्या रंगात आणि बाहेरचा काठ कसिनोच्या रंगात अशी तडजोड झाली. काठाच्या पट्ट्यांची मांडणी त्या दीपगृहवाल्या गृहस्थांनी मोकळी केलेली. आकडे ताईंनी हातानं काढले. पंचवीस सेंट आणि पंचवीस डॉलर दोन्हींवर ‘२५’ आलं तर घोळ होईल असं मी सांगितलं, तर त्यांनी लहान चिपवर ‘पावली’ असं लिहून पाठवलं. आता टेबलावर आयरिश मित्रसुद्धा पावलीच म्हणतो.

पैशांचं बोलणं मी आधीच करून घेतलं आणि लेखी केलं, मराठीत, एका पानावर. चित्रं त्यांची. आम्हाला ती एका सेटवर छापायची परवानगी, चिप्सची संख्या ठरलेली. विक्री नाही. फाइल दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दुसरा सेट करायचा तर पुन्हा विचारायचं आणि पुन्हा पैसे द्यायचे. मूळ चित्रं त्यांच्याकडेच राहतील, मला फक्त स्कॅन. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून ग्रुपमध्ये एकानं घासाघीस करायचा विषय काढला. कारखान्याच्या बिलावर कुणी घासाघीस केली नव्हती, हे मी दाखवून दिलं. रक्कम जशीच्या तशी पाठवली, अर्धी आधी आणि अर्धी चित्रं मिळाल्यावर.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते नमुना आल्यावर. ताईंची चित्रं मोठ्या वर्तुळात होती. चिपवर उतरताना माशाचे खवले एकमेकांत मिसळून गेले आणि लाल रंग विटकरी झाला. मी दहा मिनिटांत ते दुरुस्त करू शकले असते, निम्मे खवले पुसून रेषा जाड करून. हात शिवशिवत होते. पण तो बदल माझ्या मनानं करायचा नव्हता. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क बाजूला ठेवला तरी मासा त्यांचा होता. मी नमुन्याचा फोटो पाठवला आणि अडचण सांगितली. त्यांनी नवा मासा काढला. खवले पुसले नाहीत, तीन ओळींत मोठे केले आणि डोळ्याभोवती पांढरी कड दिली. मी केलं असतं त्यापेक्षा तो कितीतरी जिवंत आहे. चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेल्या कापडावर आणि लाखेच्या थराखाली कोणती रेषा टिकते हे त्यांना वर्षानुवर्षांच्या कामातून ठाऊक आहे. छोट्या वर्तुळात काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय त्याच हातानं घ्यायला हवा होता.

नावाचाही प्रश्न होता. ग्रुपला डब्यावर ‘सावंतवाडी गंजिफा चिप्स’ असं छापायचं होतं. सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. ते नाव तिथे, त्या पद्धतीनं हातानं बनवलेल्या वस्तूचं आहे. परदेशातल्या कारखान्यात पॉलिमरवर छापलेल्या चिपला ते लावणं खोटं ठरेल. डब्याच्या आत एक कार्ड ठेवलं, त्यावर ताईंचं नाव, त्यापुढे ‘चित्रकार, सावंतवाडी’ आणि त्यांच्या सांगण्यावरून मामेभावाचा संपर्क. चिपवर त्यांची सही तलवारीच्या मुठीपाशी आहे, बारीक, पण भिंगाशिवाय वाचता येते.

शेवटचा खटका कारखान्याशी उडाला. छपाई सुंदर झाली. पण माल निघायच्या आधी त्यांनी विचारलं, हे डिझाइन आमच्या नमुन्यांच्या यादीत घालू का, पुढच्या ऑर्डरीवर सवलत देऊ. मी नाही म्हटलं, आणि फाइल काढून टाकल्याचं लेखी मागितलं. ते मिळायला वेळ लागला, पण मिळालं. पडताळून पाहायचा मार्ग माझ्याकडे नाही. म्हणून असं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझा सल्ला आहे की ही अट पहिल्याच ईमेलमध्ये घाला, पैसे भरण्याआधी.

चिप्स आल्या, त्यांच्यावर बैठका सुरू झाल्या, आणि फोटो अर्थातच सगळीकडे गेले. डॅलसच्या एका मराठी ग्रुपनं फाइल मागितली. आमच्यातला जो सर्वात आधी ‘ट्रेस कर’ म्हणाला होता, त्यानंच त्यांना उत्तर लिहिलं आणि सोबत कार्डाचा फोटो जोडला. ताईंनी त्यांच्यासाठी सगळ्या खुणा नव्यानं काढल्या. त्यांना तलवारीऐवजी कल्कीचा घोडा हवा होता. पाय वर्तुळात मावेनात म्हणून तो सध्या दुसऱ्यांदा काढणं चालू आहे.